आबांबरोबर कॅनॉलवर

आमच्या घरात दिवसा कोणी मोठ्यानं बोलत नसे. आबा लूमवर रात्रपाळीला होते, संध्याकाळी सात ते सकाळी सात. सकाळी साडेसातच्या सुमाराला ते जिना चढून यायचे. केसांत, भुवयांत, कानाच्या पाळीवर सुताचा बारीक पांढरा रुआ चिकटलेला असायचा. मोरीत बसून ते डोक्यावर चार तांबे पाणी घ्यायचे, भाकरी आणि जे काही असेल ते खायचे आणि भिंतीकडे तोंड करून आडवे व्हायचे. त्या क्षणापासून तीन वाजेपर्यंत आमचं सुरतेतल्या नवागामचं ते एका खोलीचं घर मुकं होऊन जायचं. माय कुकर लावत नसे, कारण शिटी. डाळ पातेल्यात शिजायची, झाकण वाजू नये म्हणून त्याखाली चमचा घातलेला. मंगल, माझी धाकटी बहीण, तेव्हा नऊ-दहा वर्षांची होती आणि तिला शिंक आली की ती नाक दाबून गॅलरीत पळायची. पाणी हवं तर अंगठा तोंडाकडे, बाहेर जायचं तर चपलेकडे बोट, अशा आमच्या खुणा ठरलेल्या होत्या. काही बोलायचंच झालं तर मायच्या कानाशी जावं लागे, आणि तिचं अहिराणीतलं उत्तर बहुतेक वेळा एकच: "हळू, बाप झोपेल शे."

गंमत अशी की आबांना तेव्हाच कमी ऐकू येत होतं. शेकडो लूम एका शेडमध्ये धडधडत असतात, तिथं बारा-बारा तास उभं राहून बहुतेकांच्या कानांचं हेच होतं. त्यांच्या झोपेसाठी आम्ही जी कुजबूज करत होतो तिची निम्मी तरी गरज नव्हती. पण हे मायला कोणी सांगितलं असतं तरी तिनं ऐकलं नसतं. नवऱ्याची झोप राखणं हे तिचं काम होतं, आणि हाताशी घेतलेलं काम ती अर्धं सोडत नसे. दिवसभर ती दाराशी उजेडात बसून साड्यांना खडे चिकटवायची. एका मांडीवर साडी, दुसऱ्या मांडीवर खड्यांची ताटली, बोटाला डिंकाचा थेंब. डिंकाचा तो उग्र वास आमच्या पोळ्यांना, गाद्यांना, माझ्या शाळेच्या पुस्तकांना येत असे. आजही एखाद्या दुकानात नवी खड्यांची साडी उलगडली की मला भूक लागते. मायच्या हातचं शेंगदाण्याच्या कुटातलं वांगं आणि कळण्याची, ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी त्या वासाशी कायमची जोडली गेली आहे.

तीन वाजता आबा उठायचे, चहा घ्यायचे, आणि मग साडेसहाला डबा घेऊन निघेपर्यंत घर थोडंफार बोलतं व्हायचं. पण त्या वेळी मी शाळेत असे, आणि मी यायची तेव्हा त्यांची निघायची घाई. जिन्यात आमची गाठ पडायची. "जेवली का?" ते विचारायचे. मी मान हलवायची. वर्षानुवर्षं बापलेकींचं बोलणं हे एवढंच. ते प्रेमळ नव्हते असं नाही. दर रविवारी लूम बंद असली की ते लोचो आणायचे, वाटलेल्या डाळीचा मऊ वाफवलेला सुरती पदार्थ, वरून तेल आणि शेव घातलेला, आणि आम्ही दोघी खाताना बघत बसायचे. पण बोलायचं काय, हे त्यांना सुचत नसे आणि मलाही नाही. पंधराव्या वर्षापर्यंत मला बोलायची सवयच राहिली नव्हती. शाळेत बाईंनी उभं केलं की माझा आवाज घशातच राहायचा. मुली हसायच्या. मग मी उत्तर येत असलं तरी येत नाही असं दाखवायला शिकले, आणि काही दिवसांनी खरंच येईनासं झालं. गणितात तर फारच.

दहावीचा निकाल लागला त्या दिवशी मी शाळेतून घरी आले तेव्हा आबा नुकतेच उठले होते. त्यांनी लांबूनच विचारलं, "पास?" मी म्हणाले, "गणित राहिलं." नेहमीच्याच आवाजात म्हणाले, म्हणजे जवळपास पुटपुटले. मायचा खडा लावणारा हात थांबला, तिनं ऐकलं होतं. आबांनी मात्र माझे ओठ हलताना पाहिले आणि त्यांना हवं ते ऐकलं. ते उठले, माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात जड होता आणि बराच वेळ डोक्यावर राहिला. मग त्यांनी सदरा चढवला आणि नेहमीपेक्षा कितीतरी आधी निघून गेले. ते पेढे घ्यायला गेले होते. त्या संध्याकाळी त्यांनी आपल्या शेडमधल्या प्रत्येक माणसाला पेढा दिला, देखरेख करणाऱ्या मास्तरला आणि गेटवरच्या वॉचमनलासुद्धा. आमच्या गावाकडच्या घराण्यात दहावी झालेलं पोर नव्हतं, आणि त्यात मुलगी. हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं, ते उरलेले चार पेढे घरी घेऊन आले तेव्हा. मी मायकडे बघितलं. मायनं डोळ्यांनीच गप्प राहा म्हटलं. ते झोपल्यावर ती माझ्या कानाशी आली. "नंतर सांगसूत," म्हणाली. "आते त्यास्नी झोप उडी जाई."

ते नंतर काही येईना. एक आठवडा गेला, दोन गेले. माय रोज म्हणायची, रविवारी सांगू. रविवार आला की आबा इतके खुशीत असायचे की तिचा धीर होत नसे. तिनं मला शेजारी बसवून खडे लावायला दिले. शाळा संपलीच होती तिच्या लेखी. पण माझ्या बोटांतही काही राहिलं नव्हतं. खडा उचलायचा आणि नुसता धरून बसायचं. मग मी आबांच्या पायथ्याशी आडवी व्हायला लागले. त्यांच्याबरोबर दिवसा झोपायची आणि ते कामावर गेले की जागी राहायची. जेवण नकोसं झालं. केस विंचरायचा कंटाळा आला, मग अंघोळीचा. वर्गातली कल्पना दोनदा खाली येऊन हाका मारून गेली, मी गॅलरीतसुद्धा गेले नाही. पास झालेल्या मुलीच्या समोर काय तोंड घेऊन जाणार! उद्याचा विचार डोक्यात येतच नव्हता. पुढं काय होईल याची भीतीही वाटत नव्हती. भीती वाटायलासुद्धा पुढं काहीतरी दिसावं लागतं.

मी पुढं शिक्षिका झाले, पालिकेच्या मराठी शाळेत, आणि आता निवृत्तीला आले आहे. आमच्याकडे हल्ली मुलांशी बोलायला एक ताई येतात. मुलं किती वाजता झोपतात, मोबाइल किती वेळ बघतात, घरी सगळे मिळून जेवतात का, मैदानावर जातात का, असं सगळं त्या विचारतात आणि लिहून घेतात. सुरुवातीला मला वाटायचं, हे कसले प्रश्न! अभ्यासाचं विचारा की. मग एकदा त्यांचा कागद हातात घेऊन मी मनातल्या मनात पंधरा वर्षांच्या सिंधू सोनवणेची, म्हणजे माझीच, उत्तरं दिली. झोप, दिवसा. जेवण, एकटी. मैत्रीण, बंद. घरात कोणाशी बोलतेस? खुणांनी.

निकालानंतरच्या त्या दिवसांतच आबांना साखर निघाली. ते लूमवर चक्कर येऊन खाली बसले म्हणून त्यांना दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि रोज सकाळी तासभर चालायला सांगितलं. बारा तास उभा राहणारा माणूस पुन्हा चालणार कशाला, असं आबांना वाटलं, पण मायनं ऐकलं नाही. पाळीवरून आले की त्यांनी घरी न झोपता आधी कॅनॉलवर जायचं, असं तिनं ठरवून टाकलं. दिंडोलीच्या बाजूला कॅनॉलच्या काठानं तेव्हा कच्चा रस्ता होता आणि नव्या सोसायट्यांतली माणसं तिथं सकाळी फिरायला यायची. दुसऱ्याच दिवशी आबा कोपर खरचटून आले. मागून मोटरसायकलवाला हॉर्न मारत होता आणि यांना ऐकूच आला नाही. तो शेवटच्या क्षणी वळला म्हणून वाचले. मायनं जखमेला हळद लावली आणि माझ्याकडे वळली. "उद्यापासून तू त्यास्ना संगे जाय. मांगून गाडी उनी की हात धरी बाजूले कर."

मी नाही म्हणाले नाही. नाही म्हणायलाही जोर लागतो. दुसऱ्या दिवशी साडेसातला आबा दारात उभे राहिले, रुआ तसाच केसांत, आणि मी विस्कटलेल्या वेणीनिशी त्यांच्या मागून खाली उतरले. पहिले पाच-सहा दिवस आम्ही एक अक्षर न बोलता चाललो. ते पुढे, मी दोन पावलं मागे. गाडी आली की मी त्यांची बाही ओढायची, ते बाजूला व्हायचे, गाडी गेली की पुन्हा चालायला लागायचे. मला घाम यायचा, पोटऱ्या दुखायच्या. त्या वेळी मला एवढंच कळत होतं की ऊन डोळ्यांना बोचतंय, कारण बरेच दिवस मी ते पाहिलंच नव्हतं. कॅनॉलला पाणी होतं, काठावर बाया कपडे धूत होत्या, लांब कापड रंगवणाऱ्या प्रोसेस हाउसच्या चिमण्या धूर सोडत होत्या. फिरणाऱ्यांत एक मराठी बाई रोज दिसायच्या. पन्नाशीच्या, साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट, एका गुडघ्यानं जरा लंगडत चालणाऱ्या. पुढं कळलं, त्या नेने काकू. विम्याच्या ऑफिसात होत्या. त्यांचे यजमान हजीऱ्याला कंपनीत, ते पहाटेच बसनं जायचे. मग या एकट्या फिरायला निघत. आम्हाला बघून त्या हसायच्या. मी खाली बघायची.

सातव्या किंवा आठव्या दिवशी ते झालं. आबा त्या सकाळी खुशीत होते. चालता चालता त्यांनी मागं न वळताच विचारलं, आता पुढं कोणत्या कॉलेजात जायचं ठरवलंय, फॉर्म कधी भरायचा. शेडमधला बेहेरा विचारत होता म्हणे. हे बेहेराकाका ओडिशाचे, आबांच्या शेजारच्या लूमवर. "आबा, मी पास नाही झाले," मी म्हणाले.

"काय म्हनस?"

"मी पास नाही."

"माले ऐकू येस नही. मोठ्यानं बोल ना."

मी पुन्हा बोलले, त्यांनी पुन्हा कानाला हात लावला. ते आता थांबले होते आणि माझ्याकडे वळले होते. चेहऱ्यावर हसू होतं, चांगलं काहीतरी ऐकायला मिळणार अशा तयारीचं. ते हसू मला सहन झालं नाही. माझ्या पोटातून कुठूनसा आवाज आला. एवढा आवाज माझ्याकडे आहे हे मलाच ठाऊक नव्हतं.

"मी नापास व्हयनू, आबा! गणितमा! नापास!"

कपडे आपटणाऱ्या बाया थांबल्या. फिरणारी माणसं वळून बघायला लागली. एक सायकलवाला पाय टेकून उभाच राहिला. आणि एकदा सुरू झाल्यावर मला थांबता येईना. मी ओरडूनच सगळं सांगितलं. निकालाच्या दिवशीच सांगितलं होतं, तुम्हाला ऐकू आलं नाही. पेढे वाटले ते खोटे होते. माय म्हणाली नंतर सांगू. मला आता काहीच करावंसं वाटत नाही. मी रडत नव्हते, नुसती ओरडत होते, अहिराणीत, त्या सगळ्या सोसायटीवाल्या लोकांसमोर.

आबा कॅनॉलच्या कठड्यावर बसले. त्यांनी हातांनी तोंड पुसलं. मला वाटलं ते मारतील, जरी त्यांनी आजवर कधी हात उगारला नव्हता. मग ते म्हणाले, "कितला दिवस झाया?"

मी बोटं दाखवली. तीन आठवडे.

"तुन्ही मायले माहीत व्हतं?"

मी होकारार्थी मान हलवली.

"मंगलले?"

मंगललाही ठाऊक होतं. नापास झाल्याचं त्यांच्या तोंडून एक अक्षर निघालं नाही. ते म्हणाले, "मी मन्हा घरमा पाव्हना शे का?" आणि उठून घराकडे चालायला लागले, भराभर. मी मागून धावत. गाड्या येत होत्या आणि बाही ओढायला मला त्यांच्याजवळ राहावंच लागत होतं. घरी आल्यावर ते जेवले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडले, पण झोपले नव्हते, हे त्यांच्या पाठीवरून कळत होतं. मायनं माझ्याकडे बघितलं आणि तिला न सांगताच समजलं. ती दिवसभर खडे लावत राहिली. त्या दिवशी तिच्या साडीवरची एक ओळ वाकडी गेली, ती तिनं खरवडून काढून पुन्हा केली.

दुसऱ्या दिवशी आबा येणार नाहीत फिरायला, असं मी धरून चालले होते. साडेसातला ते आले. वर न चढता जिन्याच्या खालच्या पायरीवरूनच म्हणाले, "चाल." मी चपला घातल्या. गल्लीच्या बाहेर आल्यावर ते मोठ्यानं बोलायला लागले. त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे ते बोलले की आख्खी गल्ली ऐकायची. "सांगी दिधं मी त्यास्ले," म्हणाले. आदल्या संध्याकाळी पाळी सुरू व्हायच्या आधी त्यांनी ज्यांना-ज्यांना पेढा दिला होता त्या एकेकाकडे जाऊन सांगितलं होतं की पोरगी नापास झाली, माझी ऐकण्यात चूक झाली. मास्तरला सांगितलं, वॉचमनला सांगितलं. मी लाजेनं अर्धी झाले. "मग?" मी विचारलं. विचारलं म्हणजे ओरडले. आबांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा थोडंसं हसू आलं. कोणी काही म्हणालं नव्हतं. बेहेराकाका तेवढे म्हणाले होते, "अच्छा है सोनवणे भाई, फिर तो दो बार पेड़ा मिलेगा!"

हे वाक्य मी किती वेळा आठवलं असेल! बेहेराकाकांना त्यात काही मोठं सांगायचं नव्हतं, त्यांना गोड आवडायचं एवढंच. पण पुढं काहीतरी आहे असं कोणीतरी धरून चाललं आहे, हे त्या दोन-तीन आठवड्यांत मी पहिल्यांदा ऐकत होते. आणि ते माझ्या घरातलं कोणी नव्हतं, मी कधी न पाहिलेला माणूस होता.

कॅनॉलवर पोचलो तर नेने काकू आमची वाटच बघत असल्यासारख्या उभ्या. "अगं, काल ओरडत होतीस ती तूच ना?" त्या म्हणाल्या. मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. "कोणतं गणित अडतं गं तुझं?"

"सगळंच," मी पुटपुटले.

"सगळंच कसं अडेल? बेरीज येते ना? मग सगळं नाही. चल, चालता चालता सांग."

आबांना त्या काय बोलल्या ते ऐकू आलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ओरडून सांगितलं, त्या गणित शिकवते म्हणतात. आबांनी रस्त्यातच दोन्ही हात जोडले. काकू ओशाळल्या. "अहो, हात कसले जोडताय! माझा गुडघा दुखतो, एकटीला चालायचा कंटाळा येतो. हिच्या निमित्तानं तासभर तरी चालेन."

तसं आमचं तिघांचं चालणं सुरू झालं. मी मध्ये, एका बाजूला काकू, एका बाजूला आबा. काकू तोंडी गणित घालायच्या आणि मी उत्तर द्यायची, आणि आबांनाही ऐकायचं असे, म्हणून सगळं ओरडून. सकाळच्या वेळी कॅनॉलवर "एक्स बरोबर सात!" असं ओरडणारी मुलगी, हे तिथल्या लोकांच्या सवयीचं होऊन गेलं. चुकलं तरी ओरडूनच चुकायचं. पहिल्यांदा चुकले तेव्हा समोरून येणारे एक गुजराती काका हसून "फरीथी कर, बेटा", पुन्हा कर, म्हणत पुढं गेले. शाळेतल्या मुलींच्या हसण्यापेक्षा हे हसणं वेगळं होतं, हे मला तिथल्या तिथं कळलं. गुणोत्तर-प्रमाण मला काही केल्या समजत नव्हतं. काकूंनी तीन दिवस खटपट केली. चौथ्या दिवशी आबांनी मला थांबवलं आणि आपल्या सदऱ्याचं कापड बोटांत धरून, एका इंचात उभे धागे किती, आडवे किती, आडवे वाढवले तर लूम किती वेळ जास्त घेते, कापड किती जड होतं, हे सांगायला लागले. ते चौथी शिकलेले. काकू तोंड उघडं टाकून ऐकत राहिल्या. मला सगळंच समजलं असं नाही, पण आबा एवढं बोलू शकतात हे समजलं.

काकूंशी सगळं गोडच होतं असं नव्हतं. त्यांना माझी भाषा सुधारायची हौस होती. "व्हयनू नाही गं, झाले म्हणावं," असं त्या दहादा म्हणायच्या, आणि एकदा मी चिडून दोन दिवस गेलेच नाही. तिसऱ्या दिवशी त्या आमच्या चाळीखाली येऊन उभ्या, बूट घालून. वर येऊन त्यांनी मायच्या हातची कळण्याची भाकरी खाल्ली, ठेच्यानं डोळ्यांत पाणी आलं तरी दुसरी मागितली, आणि म्हणाल्या, "तुझी भाषा तू बोल. मला फक्त शिकव, म्हणजे तू काय ओरडतेस ते कळेल तरी." पुढं त्या अहिराणी बोलायला लागल्या. इतकी वाईट बोलायच्या की मंगल गॅलरीत जाऊन हसायची.

माझ्यात काय काय बदललं ते मला एका दिवशी कळलं नाही. पहिल्यांदा भूक आली. तासभर चालून आल्यावर आबा जेवायला बसायचे, आणि मला तो भाकरीचा वास सहन होईना. मी त्यांच्या समोर ताट घेऊन बसायला लागले. मग मंगलही बसायला लागली, शाळेला उशीर होत असला तरी. मग एक दिवस मायनं स्वतःचंही ताट वाढून घेतलं. रात्री घराघरांत जेवणं होतात तशी आमच्याकडे सकाळी साडेआठला पंगत बसायची. आबा शेडमधल्या गोष्टी सांगायचे, मोठ्यानं, आणि आम्ही मोठ्यानं उत्तरं द्यायचो. शेजारच्या मावशी एकदा दारातून डोकावून बघून गेल्या, भांडण तर चाललं नाही ना म्हणून. दिवसा चालल्यामुळे रात्री झोप यायला लागली. एका दुपारी कल्पनानं खालून हाक मारली आणि मी विचार न करता "आले गं!" म्हणून ओरडले. ओरडल्यावर दचकून मागं बघितलं. आबा झोपले होते, अगदी गाढ. मायनं खडा लावता लावता मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा खाली घातली.

वाईट दिवसही आले. गणिताच्या फेरपरीक्षेच्या आधी पंधरा दिवस मला पुन्हा ते जड वाटायला लागलं. एका सकाळी मी उठलेच नाही. आबा दारात येऊन उभे राहिले, त्यांनी हाक मारली नाही. ते आत आले, माझ्या उशाशी बसले, बुटांसकट. रुआ माझ्या उशीवर पडत होता. ते म्हणाले, "मालेबी काही दिवस जावाले नको वाटस." एवढंच. आणि बसून राहिले. त्यांना झोप येत होती, डोळे मिटत होते, तरी ते आडवे होत नव्हते. शेवटी त्यांची ती डुलणारी मान बघून मीच उठले. चपला घातल्या. त्या दिवशी आम्ही गणित केलं नाही, नुसते चाललो.

परीक्षेला मी बसले, आणि या वेळी पेपर सोडवताना माझे ओठ हलत होते. पर्यवेक्षक बाईंनी दोनदा येऊन पाहिलं. निकाल लागला, मी काठाच्या जरा वर पास झाले. शाळेच्या फाटकापासून घरापर्यंत मी धावत आले आणि खालूनच ओरडले. या वेळी ऐकण्यात चूक व्हायची शक्यता नव्हती. आबा खाली आले, त्यांनी गुणपत्रिका उलट-सुलट करून पाहिली, गणितापुढच्या आकड्यावर बोट ठेवलं आणि बोट तिथंच ठेवून ती मायला दाखवायला वर घेऊन गेले. पुढं मी अकरावीला गेले, त्याच्या पुढंही गेले. ती गोष्ट वेगळी.

मला इथं मात्र त्यानंतरचा रविवार सांगायचा आहे. लूम बंद होती. आबा आणि मी निघालो होतो. मंगलही येणार म्हणून हट्ट करत होती. आबा दारात थांबले आणि मायला म्हणाले, "तूबी चाल." माय साडी मांडीवर घेऊन बसली होती, दोनच ओळी राहिल्या होत्या, आणि ती अर्धं काम सोडत नसे हे मी सांगितलंच आहे. ती "मी कशाले?" म्हणाली. आबांना ऐकू आलं नाही, किंवा ऐकू आलं तरी त्यांनी कानाला हात लावला. तिनं पुन्हा म्हटलं, त्यांनी पुन्हा कानाला हात लावला. तिसऱ्या वेळेला तिला हसू आलं. तिनं बोटाचा डिंक कोपऱ्यातल्या चिंधीला पुसला, साडीची घडी केली आणि उठली. उठताना तिची कंबर कटकन वाजली.

कॅनॉल आमच्या घरापासून दहा मिनिटांवर होता. सुरतेत येऊन तिला अकरा वर्षं झाली होती. बाजार, रेशनचं दुकान, दवाखाना आणि साड्यांचा माल देणाऱ्या शेठचं घर, यापलीकडे ती कुठं गेली नव्हती. चढ चढून आम्ही काठावर आलो आणि ती उभीच राहिली. पाणी भरून वाहत होतं, सकाळचं ऊन त्यावर पडलं होतं. "इतलं पानी शे अठे?" ती म्हणाली. कोणाला विचारत होती कोण जाणे. मग ती घाटाच्या पायऱ्या उतरली, चपला काढल्या, लुगडं घोट्याच्या वर धरलं आणि पाण्यात पाय टाकून बसली. धुणाऱ्या बायांनी तिला जागा करून दिली. आबा वर कठड्याशी उभे होते.

मी तिच्या शेजारी जाऊन बसले. ती पाण्यातल्या आपल्या पायांकडे बघत होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुले मी गप बसाडं. मन्हं चुकनं."

ती हे हळू आवाजात म्हणाली नव्हती. शेजारच्या बाईनंही ऐकलं. मी माझेही पाय पाण्यात घातले. मंगल धावत खाली आली आणि आमच्या दोघींच्या मध्ये घुसली. वरून आबा ओरडत होते, चला, ऊन चढतंय, पुढं जायचंय अजून. माय उठायचं नाव घेईना. "जा तुम्ही," तिनं मान वर करून ओरडून सांगितलं, "मी बठस अठे." आणि ती तासभर तिथंच बसून राहिली, पाण्यात पाय सोडून.